दवनीवाड्याचा वैशाख

कुडव्यात डिंपलच्या पार्लरवर जी पाटी होती, तिच्यावर ना नटलेल्या नवरीचा फोटो होता, ना मेहंदीचा हात. ठळक अक्षरांत एवढंच लिहिलं होतं: 'वेळ म्हणजे वेळ'. खाली हिंदीत पुन्हा तेच, कारण गोंदियाच्या बाजूला निम्मी गिऱ्हाइकं हिंदीत बोलतात आणि उरलेली भांडायची वेळ आली की हिंदीवर येतात.

आता आपल्याकडच्या लग्नात वेळेला कोण विचारतं, सांगा! पत्रिकेत गोरज मुहूर्त छापतात आणि गोरजेला नवरदेव नाक्यावर बँडपुढं नाचत असतो. पार्लरवाल्याही त्याच माळेतल्या. फोन केला की म्हणणार, "रस्त्यातच आहे," मग भलेही बाई घरी भाजी फोडणीला टाकत असो. डिंपलनं हे वाक्य धंद्यात कधी वापरलं नव्हतं. तिचं सगळं मोबाइलात असायचं. कोण, कुठं, किती वाजता. दोन दिवस आधी गिऱ्हाइकाला मेसेज जायचा, तासभर आधी मोबाइल तिलाच हाक मारायचा. बायका तिला 'घडीवाली बाई' म्हणून चिडवत आणि तिला ते आवडायचं. गर्व होता तिला, उगाच खोटं कशाला बोला.

एप्रिलातला शुक्रवार होता. संध्याकाळी टीनाचं रिसेप्शन. टीना म्हणजे गोंदियातल्या एका राइस मिलवाल्याची मुलगी, पाच वाजता पार्लरमध्ये येऊन बसणार होती. त्या घरात टीनाच्या मागं आणखी बहिणी होत्या आणि तिची मम्मी भारी चोखंदळ. हे एक काम मनासारखं झालं की पुढची लग्नंही डिंपलचीच, हे न बोलता ठरलेलं होतं. डिंपलनं ब्रश धुऊन टॉवेलवर पसरले होते. दुपारचे दोन वाजत आले होते. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, मी ओमेश बोलून राहिलो, दवनीवाड्याहून. कुठपर्यंत आल्या?"

"कुठं म्हणजे?"

"बाप्पा! कुठं म्हणजे काय? माह्या बहिणीचं, खुशीचं लगन नाई का आज! पोरगी आंघोळ करून बसून राहिली. वरात गोरजेले दारात येते, नवरदेव फौजेत हाय, थो काई उशीर करत नाई."

डिंपलला खुशी आठवत होती, दवनीवाडा आठवत होता. पण ते तर मे महिन्यात होतं! "दोन मिनिटांत फोन करते," म्हणून तिनं कट केला आणि मोबाइल उघडला. मे, सतरा तारीख, खुशी, दवनीवाडा. साफ दिसत होतं. मोबाइल चुकत नाही, मग चुकलं कोण?

पार्लरच्या मागंच घर. ती तशीच स्वयंपाकघरात गेली. सासू, शकुंतलाबाई, ताटात डाळ निवडत बसली होती.

"आई, आज तिथी कोणती?"

शकुंतलाबाईंनी भिंतीकडं पाहिलं. तिथं जबलपूरकडचं हिंदी पंचांग टांगलेलं होतं, दुधाच्या खुणा केलेलं. "पंचमी. वैशाख वदी पंचमी. काऊन वं?"

"वैशाख कसा? अजून चैत्र चालू आहे!"

"तुह्या वर्ध्याले असन चैत्र. आमच्या इकडं पुनव झाली का महिना बदलला."

डिंपलनं जवळ जाऊन पंचांगाचं पान वाचलं. तिच्या माहेरी महिना अवसेला संपतो, इथल्या जुन्या घरांत पुनवेला. शुद्ध पक्षात दोघांचे महिने जुळतात, वद्यात एका महिन्याचा फरक पडतो. दवनीवाड्याची वैशाख वदी पंचमी आज होती, आणि तिच्या पार्लरातल्या मराठी कॅलेंडरवरची वैशाख वद्य पंचमी मे महिन्यात. एकाच घरात दोन भिंतींवर दोन वैशाख टांगलेले होते आणि या शहाण्या बाईनं लग्नाला इतकी वर्षं होऊनही स्वयंपाकघरातली भिंत कधी वाचली नव्हती.

होळीच्या आसपास खुशीची आजी, सुशिलाबाई, काळीपिवळी जीपनं एकटीच कुडव्याला आली होती. काखेत चिन्नोर तांदळाची पिशवी, कमरेला किल्ली. खुशीची आई ती लहान असतानाच गेली, आजीनंच तिला वाढवलेली. डिंपल तेव्हा कुणाच्या तरी भुवया करत होती, दातात दोरा.

"बाई, नातनीचं लगन हाय माह्या. वैशाख वदी पंचमीले. तूच येजो, दुसरीले धाडू नोको."

"तारीख सांगा, आजी."

"तारीख पोट्ट्याले माईत. हा त्याचा लंबर. त्याले इचारून घेजो."

इचारून घेजो! दोन शब्द. डिंपलनं नंबर घेतला, पण विचारलं नाही. दातातला दोरा तसाच, मान वळवून तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली, वैशाख वद्य पंचमी शोधली, सतरा मे मोबाइलात टाकली आणि पुन्हा भुवयांकडं वळली. मेसेज दोन दिवस आधी जायचा होता, म्हणजे मे महिन्यात. तोपर्यंत नवरी सासरी नांदायला लागली असती.

फोन पुन्हा वाजला. ओमेशचा आवाज आता चढला होता. "ताई, भुलल्या का तुमी? खरं सांगा!"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण डिंपलच्या डोळ्यांपुढं पाटी आली. 'वेळ म्हणजे वेळ.' दवनीवाड्यात आज सगळा पाहुणा जमलेला, आणि उद्या ही गोष्ट गावोगाव जाणार.

"मी भुलत नसते, दादा," ती म्हणाली. "तुमच्या आजीनं मला मे महिन्यातली तारीख सांगितली होती. माझ्याकडं लिहिलेली आहे. तरी पण येते मी. पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

ओमेश हळू आवाजात म्हणाला, "बुढीनं सांगतलं? बरं बरं. तुमी येजा, ताई. उपकार होतील."

म्हणजे चूक तर टळलीच, वरून उपकार! डिंपलला हायसं वाटलं. लाज वाटायला तिला तेव्हा सवड नव्हती.

नंदाबाई तिच्याकडं केस आणि साड्यांचं काम करायची. डिंपलनं पेटी भरता भरता तिला बजावलं, "टीना आली की केस घे, साडी नेसव. चेहऱ्याला हात लावू नको. मी साडेपाचपर्यंत येतेच. तिच्या मम्मीनं विचारलं, तर सांग रस्त्यातच आहे."

"काय सांगू?" नंदाबाईनं तिच्याकडं डोळे मोठे करून पाहिलं.

"ऐकलंस ना? तेच."

दुपट्टा तोंडाला गुंडाळून, पेटी पायाशी ठेवून तिनं स्कुटी काढली. ऊन मरणाचं होतं. दोन्ही बाजूंनी उन्हाळी धान हिरवंगार उभं होतं, पण तिचं लक्ष रस्त्याकडं आणि मनातल्या हिशेबाकडं. जायला पाऊण तास, चेहऱ्याला दीड तास, यायला पाऊण तास. जमेल. एक ट्रॅक्टर पुढं आडवा आला, तेव्हा तिनं त्या ट्रॅक्टरवाल्याला अशी शिवी हासडली की तो हसायलाच लागला.

दवनीवाड्यात मांडव शोधायला पत्ता विचारावा लागला नाही. गाणी वाजत होती, चुलाणावर कढया चढल्या होत्या. डिंपलची स्कुटी थांबली तशी ओमेशच्या काकूनं तिला हाताला धरूनच आत नेलं. "देवासारखी आली वं बाई तू! नाई त आमच्या बुढीनं आज नाकच कापलं असतं."

आत जाताना डिंपलला गोठ्याजवळ बाज दिसली. बाजेवर सुशिलाबाई, अंगावर नवं कोरं लुगडं, मान खाली. सगळं घर धावत होतं आणि ती एकटी तिथं बसली होती.

खुशीचे डोळे रडून सुजले होते. डिंपलनं बर्फ मागवला, डोळ्यांवर ठेवला, मग पेटी उघडली. हात कामाला लागले की तिचं डोकं थंड व्हायचं. आज होत नव्हतं.

"आजीचं असं कधीपासून चालू आहे?" तिनं उगाच विचारलं. विचारायला नको होतं.

"आमाले कुठं माईत होतं, ताई? आज तुमचा फोन झाला, तवा समजलं." खुशी डोळे मिटूनच बोलत होती. "मंग एकेक आठवाले लागलं. काल मले आईच्या नावानं हाक मारली तिनं. मागच्या हप्त्यात चहात साखरच टाकली नोहती. काकू म्हणते, आता कोठीची चाबी तिच्याजवळ ठेवाची नाई. दादानं मघाच काढून घेतली."

"कोणती चाबी?"

"धानाच्या कोठीची. मले समजतं तवापासून तिच्या कमरेलेच हाय. आनि मले मांडवात हात धरून आजीच नेणार होती, आईच्या जागी. पण काकू म्हणते, नोको. आनखी काई भुलन त चार लोकांत हसू होईन."

डिंपलचा ब्रश गालावर थांबला. एक खोटं वाक्य दोनच्या सुमारास तिच्या तोंडातून निघालं होतं. चार वाजेपर्यंत त्यानं या घरात म्हातारीचं डोकं फिरवलं होतं, तिची किल्ली काढून घेतली होती आणि तिला गोठ्याजवळ नेऊन बसवलं होतं. चहात साखर कोण विसरत नाही? डिंपल स्वतः दर आठवड्याला विसरायची. पण आता तिनं एक सुई आणून दिली होती, आणि त्या सुईत ओवायला सगळ्यांच्या हातात दोरे तयार होते.

तिचा मोबाइल थरथरला. टीनाची मम्मी.

"डिंपल, पाँच बजे मतलब पाँच ही बजे ना? मेहमान सात से आने लगेंगे."

"जी भाभी, रास्ते में ही हूँ."

खुशीनं एक डोळा उघडला. "ताई, तुमी त इथं हाय."

"धंद्यात बोलावं लागतं गं कधी कधी."

"खोटं?"

"डोळा मिट," डिंपल म्हणाली आणि काजळाची रेघ ओढली. ती वाकडी गेली. तिनं रेघ पुसली, पुन्हा ओढली. बाहेरून ओमेशचा आवाज येत होता, "आजी, तू उठू नोको म्हटलं ना! बस तिथंच!" तोच ओमेश, ज्यानं फोनवर तिचे उपकार मानले होते. डिंपलला एकदा वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. मग वाटलं, अर्ध्या चेहऱ्यावर सांगितलं तर पोरगी पुन्हा रडेल, सगळं वाहून जाईल. कारण खरं होतं, पण तिला आवडलंही होतं, आणि तेच वाईट होतं.

पाच वाजायच्या आधी खुशी तयार झाली. अशी तयार झाली की काकूनं दारातच तोंडावर हात ठेवला. "आवो माय! हे आपलीच खुशी हाय का?" बायकांची झुंबड उडाली, मोबाइलवर फोटो सुरू झाले. डिंपलनं पेटी बंद केली. निघालं तर साडेपाच, पावणेसहा. टीना हातची जात नव्हती. काकू पोह्यांची बशी घेऊन मागं लागली, तिला तिनं हात जोडले आणि अंगणात आली.

स्कुटी गोठ्याच्या बाजूलाच होती. तिकडं जायला दुसरा रस्ता नव्हता.

सुशिलाबाई बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत होती. डिंपलला वाटलं, जप चाललाय. जवळ गेल्यावर ऐकू आलं. "पुनव, मंग पाडवा, मंग बीज, मंग तीज..." पंचमीपर्यंत यायची आणि परत पुनवेपासून सुरू करायची. ओठ सुकले होते. डिंपलची चाहूल लागली तशी तिनं मान वर केली आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं विचारलं, "बाई, आज पंचमीच हाय ना वं? मी मघापासून मोजून राहिली. दर खेपेले पंचमीच येते. पण हे पोट्टे म्हणतेत, मी भुलली."

डिंपलच्या हातात स्कुटीची किल्ली होती. ती तिनं घट्ट धरली, किल्लीचे दात तळहातात रुतले.

तेव्हाच मोबाइल वाजला. टीनाची मम्मी. पुन्हा. डिंपलनं पडद्यावरचं नाव पाहिलं, आणि फोन उचलून म्हणाली, "भाभी, मैं दवनीवाडा में हूँ. रास्ते में नहीं थी, झूठ बोला था. अभी आधा-पौन घंटा और लगेगा मुझे यहाँ से छूटने में."

पलीकडून जे आलं ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी एवढंच कळलं की टीनाचा चेहरा आता शेजारचं पार्लर करणार होतं, आणि डिंपलनं यायची तसदी घेऊ नये.

डिंपलनं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि ओरडली, "ओमेशदादा! इकडं या! काकू, तुम्हीही या!"

ओमेश हातातलं पाण्याचं भांडं ठेवून आला. "काय झालं, ताई? काई राहिलं का?"

"राहिलं. आजींनी मला तारीख सांगितलीच नव्हती. तिथी सांगितली होती, वैशाख वदी पंचमी. बरोबर सांगितली होती. तुमचा नंबर दिला आणि म्हणाल्या, पोराला विचारून घे. मी विचारलं नाही. माझ्या मराठी कॅलेंडरवर वैशाख मे महिन्यात येतो, तो मीच पाहिला आणि मीच लिहिला. चूक माझी आहे, सगळीच."

मांडवात गाणी चालूच होती, पण बायका हातातलं काम टाकून गोठ्याजवळ जमल्या.

"पण फोनवर त तुमीच मले सांगतलं!" ओमेशचा चेहरा लाल झाला. "का आजीनं..."

"खोटं सांगितलं. नाव जाईल म्हणून."

"तुमच्या नावासाठी आमच्या बुढीले पागल ठरवलं?" काकू पुढं सरसावली. मघा देवासारखी आलेली बाई आता तिच्या डोळ्यांत राक्षसीण झाली होती. "बोर्डावर कायले लेहून ठेवलं वं, वेळ म्हणजे वेळ? काढून टाक थो बोर्ड! आनि पाहजो, या गावातून आता तुले एक गिऱ्हाइक भेटलं त!"

"नाही भेटणार," डिंपल म्हणाली. दुसरं म्हणायला काय होतं? तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं दुपट्ट्यानं पुसलं. काकूला आणखी बोलायचं होतं, पण काकूला स्वतःचंही मघाचं बोलणं आठवलं असावं, कारण ती मध्येच थांबली आणि सुशिलाबाईकडं न बघता पदर सारखा करू लागली.

ओमेशनं खिशात हात घातला. किल्ली काढली. ती द्यायची कशी, हे त्याला समजेना. शेवटी त्यानं आजीपुढं हात केला. "आजी, घे. मी लय बोललो तुले."

सुशिलाबाईनं किल्लीकडं पाहिलंही नाही. ती डिंपलकडं बघत होती. डिंपलला वाटलं, आता शिव्या पडणार, आणि पडाव्यात असंच तिला वाटलं. पण म्हातारी निराळंच बोलली.

"तुह्या नावाचं भेव वाटलं तुले. वाटते, बाई. मले कायचं भेव वाटलं, माईत हाय? मले वाटलं, हे खरंच बोलून राहिले. माहं डोस्कं गेलं, आनि मलेच समजलं नाई."

डिंपल खाली बसली, बाजेपाशी, मातीतच. "आजी..."

"रडू नोको. मले सांग फक्त. आज कोणती तिथी?"

"पंचमी, आजी."

"कोणत्या महिन्याची?"

डिंपलच्या पार्लरात, भिंतीवर, अजून चैत्र होता. माहेरी वर्ध्यालाही चैत्रच होता.

"वैशाखाची," ती म्हणाली.

सुशिलाबाई बाजेवरून उठली. ओमेशच्या हातातून किल्ली घेऊन तिनं कमरेला खोचली, लुगड्याचा काठ झटकला. दूर नाक्याकडून बँड ऐकू यायला लागला होता. फौजेतला नवरदेव वेळेवर होता. म्हातारी काकूला बाजूला सारून खोलीकडं निघाली, नातीचा हात धरायला.